महादेवीची चाल

"डोळे मिटा आणि चाला," मी म्हटलं. "कुठं पोचायचं नाही, कुणाला धडकायचं नाही. फक्त आपल्या पावलांचा आवाज ऐकायचा."

तिसरी-चौथीची एकवीस मुलं शाळेच्या हॉलमधल्या शहाबादी फरशीवर अनवाणी चालायला लागली. कुणी खुदकन हसलं, कुणी एक डोळा किलकिला करून शेजाऱ्याला पाहिलं. मग हळूहळू हॉल शांत झाला.

१९९४ सालचा जून होता. नवऱ्याची बँकेतून गडहिंग्लजला बदली झाली म्हणून मी पुणं सोडून तिथं गेले होते. पुण्यात सात वर्षं मी पोतनीस मॅडमच्या हाताखाली काम केलं होतं. हुकूम देऊन कवायत करून घ्यायची नाही, ठरलेल्या स्टेप घोकून घ्यायच्या नाहीत, मुलांनी आपल्याच अंगातून हालचाल शोधायची आणि आपण ती ओळखायची, असं ते काम. गडहिंग्लजच्या शाळेचे मुख्याध्यापक नेर्लीकर सर यांना ते नीटसं कळलं नव्हतं. पण पी.टी.चे शिक्षक सोडून गेले होते आणि तास रिकामे पडत होते, म्हणून त्यांनी आठवड्याचे तीन तास मला दिले. मुलं त्याला हालचालीचा तास म्हणायला लागली.

भिंतीकडेच्या बाकावर एक मुलगी बसली होती. सगळ्यांच्या चपला तिनं बाकाखाली ओळीनं लावल्या होत्या. डावा पाय पुढं सरळ पसरलेला, त्याला चामड्याचा जाड बूट आणि गुडघ्याच्या वरपर्यंत लोखंडी पट्ट्या.

"तू का बसलीस?"

"मी पी.टी.ला बसते, बाई." आवाजात तक्रार नव्हती. हजेरीचा नंबर सांगावा तसं तिनं सांगितलं.

"नाव काय तुझं?"

"महादेवी हत्तरगी."

"महादेवी, माझ्या तासाला कुणी बसून राहत नाही. ऊठ."

ती उठली. डोळे मिटले आणि चालायला लागली. ठक्. मग पाय ओढल्याचा सर्र असा आवाज. मग क्षणभर काहीच नाही. पुन्हा ठक्. अनवाणी पावलांच्या त्या हॉलमध्ये तेवढा एकच आवाज स्पष्ट होता. आता कुणीतरी हसणार, असं मला वाटलं. पण डोळे सगळ्यांचेच मिटलेले होते, आवाज कुणाचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाच-सात मिनिटं गेली असतील. आधी दोघं, मग चौघं, मग सगळा हॉलच त्या ठेक्यावर चालायला लागला. एक पाऊल, एक ओढ, एक थांबा.

सात वर्षांत मी असं काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. निंगव्वा तिचं नाव. मिरचीच्या बाजारात देठ खुडायला जायची. हाताची बोटं लाल, फुगलेली. ती जवळ आली तशी मला ठसका लागला, आणि ती आपणहून दोन पावलं मागं सरकली.

"तुमी माज्या पोरीला नाचवायला लागलाय म्हनं."

"नाचवत नाही. सगळ्यांच्या बरोबर चालायला लावते."

"लोकं हसत्यात, बाई. आजवर कुनाच्या म्होरं उभी केली न्हाई मी तिला. देवळात बी मागच्या दारानं नेती."

"माझ्या तासाला तिला कुणी हसणार नाही. माझा शब्द आहे."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. बाजारात माल पारखणारी बाई होती ती.

"शब्द देताय न्हवं? मग न्या."

मी रोज सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर पळायला जायची. दहा फेऱ्या, मग पंचवीस सूर्यनमस्कार. वडिलांनी लावलेली सवय. आजही गुडघे धडधाकट आहेत, कमरेचं दुखणं माहीत नाही, आणि हे मी शिबिरांमधून मोठ्या ऐटीत सांगत असते. तर त्या मैदानावर महादेवी यायला लागली. मीच बोलावलं. मी पळायची आणि ती तिकडं मी दिलेले व्यायाम करायची. पालथं पडून कंबर उचलणं, भिंतीला हात टेकून दंड, लोखंडी बारला लोंबकळणं. सुरुवातीला दहा आकडे मोजेपर्यंत तिचे हात सुटायचे. दिवाळीनंतर ती शंभरपर्यंत लोंबकळायला लागली. खांदे भरले, पाठ ताठ झाली. निंगव्वा सांगायची, पोरगी आता आडवी झाली की झोपतीया, पाय दुखतोय म्हणून रडत न्हाई.

एकदा माझ्या फेऱ्या संपल्यावर तिनं विचारलं, "बाई, पळताना कसं वाटतं?"

"धाप लागते. छातीत धडधडतं. मग बरं वाटतं."

ती विचार करून म्हणाली, "मला पण चालताना तसंच होतं. म्हणजे सारखंच की."

मी हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसांत माझं त्या पोरीवर प्रेम होतं, हे सांगितलं पाहिजे. नसतं तर पुढचं सगळं सांगायला सोपं गेलं असतं.

जानेवारीत कोल्हापूरला मुलांच्या समूहनृत्याची मोठी स्पर्धा होती. आमची शाळा पहिल्यांदाच जाणार होती. आम्ही बसवलेल्या तुकड्याचं नाव 'चढ'. ओझं घेऊन डोंगर चढणारी माणसं, एवढाच विषय. संगीत नव्हतं, बावीस मुलांच्या पायांचा आवाज तेवढा. आणि पाऊल महादेवीचं. एक पाऊल, एक ओढ, एक थांबा. ती सगळ्यांत पुढं, मागं एकवीस जण तिच्या चालीनं. अर्ध्यावर रांग कोसळायची, ती एकटी उभी राहायची, आणि तिच्या ठेक्यावर एकेक जण पुन्हा उठायचा. हे सगळं मुलांनीच शोधलं होतं. कोसळायचं कधी, हे तर महादेवीनंच सांगितलं. "बाई, दम संपतो तेव्हा माणूस पडत नाही. जरा बरं वाटायला लागलं की पडतो." दहा वर्षांची पोर.

नेर्लीकर सरांनी तालीम पाहिली आणि चष्मा काढून पुसला. "बाई, हे मला कळलं," एवढंच म्हणाले.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी पोतनीस मॅडम बेळगावला निघाल्या होत्या, वाटेत माझ्याकडं उतरल्या. मी त्यांना तालमीला नेलं. आठ मिनिटं त्या जागच्या हलल्या नाहीत. नंतर मुलं पाणी प्यायला गेल्यावर म्हणाल्या, "वसुधा, फार वरचं काम केलंयस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांत त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

"पण ते कुणाला दिसणार नाही," त्या पुढं म्हणाल्या. "लोकांना त्या मुलीचा पाय दिसेल. परीक्षक रुमाल डोळ्यांना लावतील. पहिला नंबर आला तरी तो दयेचा आहे असं सगळे म्हणतील, आणि पहिला आला नाही तर तूच म्हणशील की तुला न्याय मिळाला नाही. काय करायचं ते तू ठरव. मी फक्त दिसलं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहाच्या जागी पंधरा फेऱ्या मारल्या. महादेवी बारला लोंबकळत मोठ्यानं आकडे मोजत होती. तेराव्या फेरीला माझं ठरलं होतं. ठरल्यावर मला हलकं वाटलं, हेही खरं आहे.

ती बार सोडून खाली बसली, तेव्हा तिथंच मी तिला सांगितलं. तिच्या पातळीवर खाली बसून, तिचे दोन्ही हात हातात घेऊन. मुलांशी कसं बोलायचं हे मला चांगलं येत होतं.

"महादेवी, स्पर्धेचा एक नियम आला आहे. पायाला असं काही लावलेलं असेल तर स्टेजवर जाता येत नाही. लागेल-बिगेल म्हणून. मला फार वाईट वाटतंय."

तिनं बुटाकडं पाहिलं. "काढून गेले तर?"

"काढून तुला उभं राहता येत नाही ना, बाळ."

"हो." तिनं बुटाची नाडी घट्ट केली. "मग पुढं कोण?"

"स्नेहल मगदूम."

"तिला येत नाही बाई ते. ती पाय मुद्दाम ओढते. ओढायचा नसतो, तो मागं राहतो." मग ती उठली. "मी शिकवू तिला?"

मी हो म्हटलं.

आणि तिनं शिकवलं. रोज मधल्या सुट्टीत, हॉलच्या कोपऱ्यात. स्नेहल डॉक्टरांची मुलगी, हुशार, चपळ, दिसायला गोड. महादेवी तिच्या मांडीला हात लावून सांगायची, "इथनं सोड. आता काही करू नको. थांब. थांब. आता." आठवड्याभरात स्नेहलला ती चाल इतकी जमली की डोळे मिटले तर ओळखू येऊ नये. मी दारात उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, बघ, किती मोठ्या मनाची पोर आहे. तिच्या मनाच्या मोठेपणाचाही मला उपयोगच झाला.

नेर्लीकर सरांनी यादी बघितली. "महादेवीचं नाव?"

"तिला एवढी दगदग सोसणार नाही, सर."

"तिच्या आईला विचारलंत?"

"मी बोलते त्यांच्याशी."

"बघा बाई. विषय तुमचा आहे," ते म्हणाले आणि सही केली. निंगव्वाशी मी बोलले नाही. महादेवीनंच घरी नियमाचं सांगितलं असणार.

कोल्हापूरला मी तिला बरोबर नेलं. कपडे, चपला, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला, शिवाय तिला वाईट वाटू नये म्हणून. सगळ्या मुलांसारखा भगवा फेटा तिलाही बांधला होता. नाट्यगृहाच्या विंगेत एका खुर्चीवर ती बसली. आमचा नंबर सहावा होता.

चौथ्या नंबरला सांगलीकडची एक शाळा आली. शेतकाम दाखवणारा नाच होता, ओबडधोबड, रेकॉर्डवरचा. त्यात मधोमध एक मुलगा दोन्ही काखेत कुबड्या घेऊन उभा होता. दोन्ही पायांना पट्ट्या. तो जागेवरच डोलत होता, कुबडी उचलून पाखरं हाकलत होता आणि तोंडभर हसत होता. प्रेक्षकांत कुणी रुमाल काढला नाही. टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात, आणि नाच संपल्यावर पुढच्या नंबरची वाट बघायला लागले.

महादेवीनं त्या मुलाला विंगेत परत येताना पाहिलं. तो तिच्या खुर्चीला खेटून गेला. मग तिनं माझ्याकडं मान वळवली.

"बाई, त्याला नियम नाही?"

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. आमच्या नंबरला अजून वीस मिनिटं होती. स्नेहलला मागं घेऊन हिला पुढं उभं करता आलं असतं. ठेका तिचाच होता, तिला तालमीची गरज नव्हती. हा हिशेब मी तेव्हाही केला होता. विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही.

"त्यांचा गट वेगळा आहे," मी म्हटलं.

तिनं मान परत स्टेजकडं वळवली.

आमचं 'चढ' उत्तम झालं. स्नेहल त्या चालीनं रंगमंचावर आली तेव्हा सगळं नाट्यगृह गप्प झालं. रांग कोसळली, ती एकटी उभी राहिली, एकेक जण उठला. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी विंगेतून बघत होते. महादेवी माझ्या शेजारीच होती, पण मी तिच्याकडं बघितलं नाही.

बक्षीस समारंभात मला स्टेजवर बोलावलं. पहिलं पारितोषिक. परीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ माइक हातात घेऊन म्हणाले, "हे पाऊल आम्ही आजवर पाहिलेलं नाही. बाई, ही चाल तुम्हाला कुठं सापडली?"

विंग तिथून दहा हातांवर होती. फेटा बांधलेली मुलगी खुर्चीवर बसलेली मला दिसत होती, मांडीवर एकवीस जणांचे स्वेटर.

"निरीक्षणातून," मी म्हटलं. "आमच्याकडं मिरचीचा मोठा बाजार आहे. तिथले हमाल पोती घेऊन चढतात ना, त्यांना मी खूप दिवस बघत होते."

पुन्हा टाळ्या झाल्या.

परतीच्या गाडीत मुलं घसा बसेपर्यंत गात होती. महादेवी खिडकीशी झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती. गडहिंग्लजला उतरताना मी हात पुढं केला. तिनं दांडा धरला.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेतही नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी माझी सातवी फेरी चालू असताना फाटकाशी निंगव्वा दिसली. मी थांबले. घाम पुसत जवळ गेले.

"महादेवीला बरं नाही का?"

"नियम व्हता म्हनालासा तुमी."

मी पुन्हा घाम पुसला.

"सरास्नी इचारलं मी काल. असला नियम कुठलाच न्हाई म्हनाले. त्यास्नी ठावं बी नव्हतं तुमी काय सांगितलंय ते."

"निंगव्वा, लोक तिच्या पायाकडंच बघत बसले असते. तिच्याच भल्यासाठी मी..."

"तिच्या?" ती मोठ्यानं बोलली नाही. आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "बाई, दुसऱ्या वर्सापास्नं पोरगी तशी चालतीया. तिला वाटायचं, ही आपली चाल हाय. स्नेहलची एक, तुमची एक, तशी तिची एक. कुनी काय म्हनलं तर म्हनायची, मी अशीच चालती. त्या दिशी गाडीतनं उतरून घरात आली आनि म्हनाली, आई, मी लंगडती गं."

मी खाली बघत होते.

"पायाला दुखनं देवानं दिलं. लंगडी तुमी केलीसा तिला." ती वळली, मग पुन्हा थांबली. "हसनाऱ्या लोकास्नी मी भीत हुते इतकी वर्सं. कौतुक करनाऱ्यास्नी भ्यायला पायजे व्हतं."

ती निघून गेली. मी तिच्या घरी जायला हवं होतं. मिरची बाजाराच्या मागची गल्ली, दहा मिनिटांचा रस्ता. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला. मग कळलं, महादेवीला मामाकडं निपाणीला ठेवलं, तिकडच्याच शाळेत घातलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

'चढ'मुळं माझं नाव झालं. कोल्हापूर, सातारा, पुढं मुंबईपर्यंत शिक्षकांची शिबिरं घ्यायला बोलावणी आली. तो तुकडा वेगवेगळ्या मुलांकडून मी चाळीसेक वेळा बसवून घेतला. ते पाऊल आता प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आहे, आकृती काढून, कोणत्या आकड्याला वजन कुठं ठेवायचं ते लिहून. कितीतरी शिक्षक आपापल्या शाळांत ते शिकवतात. हमालांची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की पोती घेऊन चढणारे ते हमाल मला आता डोळ्यांपुढं दिसतात. मी त्या बाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला ठसका लागायचा.

२०१८ साली माझा मुलगा परदेशी निघाला, त्याला जन्माचा दाखला हवा होता. त्याचा जन्म गडहिंग्लजचा. इतक्या वर्षांनी मी पुन्हा तिथल्या नगरपालिकेत गेले. जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलाशी एक बाई मान खाली घालून लिहीत होत्या. मी अर्ज पुढं केला. त्यांनी तो वाचला, नावावर नजर थोडी थांबली.

"बसा, बाई," त्या म्हणाल्या.

त्या शहरात मला बाई म्हणणारं आता कुणी राहिलं नव्हतं. मी नीट पाहिलं. रुंद खांदे, ताठ पाठ.

"महादेवी?"

"हो."

"आई कशा आहेत?"

"गेली. सहा वर्षं झाली."

"व्यायाम करतेस का अजून?" मी विचारलं आणि माझीच मला लाज वाटली.

"खुर्चीत बसून होतो तेवढा करते."

"महादेवी, त्या वेळी मी तुला..."

"मुलाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं?" तिनं पेन उचललं. "पासपोर्टवर असेल तेच स्पेलिंग लागतं. नंतर दुरुस्तीला फार त्रास होतो."

मी स्पेलिंग सांगितलं. तिनं एकेक अक्षर लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. तिच्या वागण्यात कुठं राग नव्हता, ओळखही नव्हती. शहाण्णव सालचं रजिस्टर तिच्या मागच्या कपाटात होतं, चार पावलांवर.

"शिपाई चहाला गेलाय. रजिस्टर तो काढून देईल," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बाकावर बसा."

"मी थांबते इथंच. किंवा मी काढू का? हे समोरच तर आहे."

"बाहेर बसा, बाई."

मी बाहेर बसले. अर्ध्या तासानं शिपायानं दाखला आणून हातात दिला. सगळं बिनचूक होतं, खाली तिची सही, गोल, शाळेतल्यासारखी. मी दारापाशी गेले. आत जावं, काहीतरी म्हणावं, निदान आभार मानावेत असं वाटत होतं. ती टेबलावर कोपर टेकून बसली होती, समोरचा कागद वाचत असल्यासारखी.

शिपाई माझ्या मागं येऊन उभा राहिला. जरा अवघडून, हळू आवाजात म्हणाला, "जेवणाची सुट्टी झालीय. तुमी निघा आता. मॅडम कुनाच्या म्होरं उठत न्हाईत. तुमी दारात हाय तवर त्या बसूनच राहतील."